पस्तीस हजारांत पहिली रोड बाईक: आधी माप, मग सगळ्यात हलका गिअर, मग मागचं हब

प्रश्न थोडक्यात असा: वय २४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८२ किलो, राहायला पुण्यात धायरीला. सध्या भावाच्या एमटीबीवर (जाड टायरच्या माउंटन बाईकवर) रोज वीसेक किलोमीटर होतात. आता रोड बाईक घ्यायची आहे आणि हाताशी सगळे मिळून ३५ हजार आहेत. रविवारी सिंहगड चढायचा आहे, पुढच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. एका दुकानदाराने नवी, डिस्क ब्रेकची, १४ गिअरची सायकल ३२ हजारांत देऊ केली आहे, माप एम. घ्यावी का?

लगेच घेऊ नका. त्या सायकलच्या तीन गोष्टी आधी तपासा. त्या तिन्ही जमल्या तर घ्या, एखादी जरी चुकली तर तेवढ्याच किमतीतली वापरलेली सायकल बघा. मी बरीच वर्षं पुण्यात सायकलींचं वर्कशॉप चालवतो. नव्याने रोड बाईक घेतलेली मंडळी ज्या तक्रारी घेऊन येतात त्या ठरलेल्या आहेत: मान आणि हात दुखतात, घाटात गुडघे दुखतात, मागचं चाक सारखं आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलतं. यातलं काहीही दुकानात सायकल हातात उचलून बघताना कळत नाही. आणि दुकानात नेमकं तेच होतं. सायकल उचलून वजनाचा अंदाज घेतात, डिस्क बघतात, गिअर मोजतात आणि पैसे देतात.

पहिली गोष्ट माप. यात तडजोड केलीत तर बाकी सगळं चांगलं असूनही सायकल घरात पडून राहील. उद्या सकाळी अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांत चारेक इंचांचं अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. तुमच्या उंचीला ते ७८ सेंटिमीटरच्या आसपास येईल. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ चे ६९ होतात. पॅडलचा दांडा जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची ही उंची. सुरुवात इथून करा, पुढे पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होईल.

सीटची उंची कुठल्याही सायकलवर जमवता येते. लांबी जमवता येत नाही, म्हणून खरा प्रश्न लांबीचा. एस, एम या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचं एम म्हणजे दुसरीचं एस असू शकतं. कंपनीच्या तक्त्यात इफेक्टिव्ह टॉप ट्यूब बघा: सीटपोस्टपासून हँडलच्या नळीपर्यंतची आडवी लांबी. तुमच्या उंचीला ५२ ते ५३.५ सेंटिमीटरची फ्रेम बसते. एमचा आकडा ५५ च्या पुढे असेल तर दुकानदार काहीही म्हणाला तरी ती तुमची नाही. "स्टेम बदलून देतो" असं तो म्हणेल. स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा आखूड तुकडा. १०० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा लावला तर दोन सेंटिमीटर वाचतात, तेवढं चालतं. त्याहून जास्त कापाकापी लागत असेल तर फ्रेमच चुकीची आहे. सीट पुढे सरकवूनही लांबी भरून काढू नका, त्याची किंमत गुडघे मोजतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान माप घ्या. लहान फ्रेम वाढवता येते, मोठी कमी करता येत नाही.

चक्कर मारायला मिळाली तर दुकानाच्या दारात गोल फिरून परत येऊ नका. वीस मिनिटं मागा. ब्रेकच्या रबरी मुठींवर हात ठेवून चालवा. कोपर आपसूक थोडे वाकलेले असले पाहिजेत. हात काठीसारखे ताठ होत असतील, खांदे कानांकडे चढत असतील, किंवा नकळत हात मागे सरकून आडव्या दांड्यावर येत असतील तर सायकल लांब आहे. पाच फूट दोन इंचांच्या आतल्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत मला हे जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं. दुकानात एक्सएस नसतं म्हणून एस गळ्यात मारतात आणि ती मुलगी दोन महिन्यांत "मला रोड बाईक जमत नाही" असं समजून सोडून देते. तिला जमत असतं. सायकल तिच्या मापाची नसते.

दुसरी गोष्ट गिअर. १४ की १६ हा आकडा विसरा. विचारा फक्त एवढंच: पुढची, पॅडलजवळची लहान चेनरिंग (दातेरी चकती) किती दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची? घाटात तुम्ही ह्या एकाच जोडीवर असणार आहात.

हिशोब करून बघू, कारण सिंहगड म्हटलं की हा हिशोबच सगळं ठरवतो. तुम्ही, सायकल, पाणी, कपडे मिळून ९५ किलो धरा. चढ ८ टक्के धरा (सिंहगडाच्या घाटात ठिकठिकाणी तो १० च्या वर जातो). चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा. मिनिटाला ६० पॅडल मारायची, म्हणजे नवख्या माणसाने चढावर गुडघ्यांना जपण्यासाठी किमान ठेवावी अशी गती.

पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर तुमचा वेग ताशी ८ किलोमीटर राहतो आणि पायांना साधारण १८० वॅट द्यावे लागतात. मागे ३२ ऐवजी २८ असेल तर त्याच गतीला वेग ९.२ होतो आणि लागतात २०५ वॅट. स्वस्तातल्या काही सायकलींना पुढे ५२ आणि ४२ च्या चेनरिंग असतात, मागे २८. तिथे तोच हिशोब २५० वॅटवर जातो. रोज वीस किलोमीटर सपाटीवर चालवणाऱ्याला २५० वॅट घाटभर देणं शक्य नसतं. मग काय होतं? पॅडलची गती साठवरून चाळीसवर येते, प्रत्येक पॅडल अंगाचा भार टाकून दाबावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघ्याची वाटी बोलायला लागते. लोक म्हणतात स्टॅमिना कमी पडला. कमी पडतो तो गिअर.

म्हणून पुढे ५०-३४ आणि मागे किमान ३२ हवेत. मागे २८ असेल आणि बाकी सगळं पसंत असेल तर खरेदीच्या वेळीच कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून मागा. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ३२ घेतो का, हे आधी विचारा. लांब पिंजऱ्याचा असेल तर बहुधा घेतो, आखूड असेल तर डिरेलरही बदलावा लागतो आणि बजेट तिथेच फुटतं. धायरीत राहता, तर थेट सिंहगडाला भिडू नका. आधी कात्रजचा जुना घाट, मग बापदेव, मग सिंहगड. पाय आणि गिअर दोन्ही कळत जातील.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या संचांच्या शिड्या तुम्ही वाचल्या असतीलच: टूर्नी मागे ७ चकत्यांचा, क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा १०. तुमच्या बजेटात नवी सायकल म्हणजे बहुधा टूर्नी. दुकानातली १४ गिअरची म्हणजे तीच असावी. टूर्नीच्या ए०७० शिफ्टरला, म्हणजे गिअर बदलायच्या मुठीला, चकती उतरवायचं बटण मुठीच्या आतल्या बाजूला, अंगठ्याजवळ असतं. हात खालच्या वाकात असताना अंगठा तिथे पोचत नाही. क्लॅरिसमध्ये तो छोटा खटका ब्रेकच्या लिव्हरमागे असतो, हात कुठेही असला तरी बोटाला सापडतो. उतारावर आणि वाहत्या रस्त्यावर हा फरक मोठा आहे. क्लॅरिसच्या वर मात्र घाई करू नका. क्लॅरिस ते सोरा हा फरक सुखाचा आहे, गरजेचा नाही. आठ चकत्यांची चेन आणि कॅसेट स्वस्त मिळतात, तालुक्याच्या गावीही मिळतात आणि जास्त टिकतात. दोनशेची बीआरएम साडेतेरा तासांत करायची असते. थांबे धरून ताशी १५ किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. क्लॅरिस त्याला पुरून उरतं.

तिसरी गोष्ट मागचं हब, म्हणजे चाकाच्या मधला गोळा. हिच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि तुमच्या वजनाला ती महत्त्वाची आहे. मागच्या चकत्या दोन प्रकारे बसतात. जुन्या पद्धतीत फ्रीव्हीलचा अख्खा गोळा हबवर आट्यांनी घट्ट केलेला असतो. त्यात उजवीकडचं बेअरिंग चकत्यांच्या आत, चाकाच्या मध्याकडे राहतं आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो. अंगाने भारी माणूस खड्ड्यातून गेला की तो एक्सल हळूहळू वाकतो, पुढे मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार टोकाकडे असतं, म्हणून एक्सल टिकतो. शिवाय आठ चकत्यांच्या कॅसेट हबवर उद्या नऊ किंवा दहाची कॅसेटही बसते, म्हणजे पुढे सुधारणा करायचं दार उघडं राहतं. सात चकत्यांच्या बऱ्याच सायकलींना अजून फ्रीव्हीलच येतं.

ओळखायचं कसं? मागच्या चकत्या उलट्या फिरवा आणि मधोमध, पाना बसतो त्या खाचा बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या पण खाचा जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. दुकानात उभ्या उभ्या दहा सेकंदांत कळतं. ८२ किलोला मी फ्रीव्हीलची नवी रोड बाईक घ्या असं सांगणार नाही.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारी नवी सायकल ३५ हजारांत, वरचा सगळा खर्च धरून, मिळणं कठीण आहे. वापरलेली मिळते, आणि चांगली मिळते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आणि त्यानंतर वर्षभर खूप जणांनी हौसेने रोड बाईक घेतल्या. त्यातल्या कितीतरी आजही पुणे, ठाणे, नाशिकच्या बाल्कन्यांत उभ्या आहेत. पुण्यात सायकलस्वारांचे इतके गट आहेत की रविवारी सकाळी दोन ठिकाणी चहाला थांबून शब्द टाकलात तरी पत्ते मिळतील. क्लॅरिसची, अॅल्युमिनियम फ्रेमची, पुढचा चिमटा कार्बनचा असलेली सायकल २३ ते २७ हजारांत बघा. भाव बघताना एक ध्यानात ठेवा: सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा विकणारा त्याच्या जुन्या बिलावरून भाव सांगत असेल तर आजची नवी किंमत काढूनच बोला.

वापरलेली सायकल दिवसाउजेडी, पुसून ठेवलेली बघा. सोबत बारा इंची स्टीलची पट्टी आणि अॅलन की न्या. आधी चेन. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. बारा इंचांच्या खुणेवर बरोबर पिनेचा मध्य आला तर चेन नवीसारखी. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेली असेल तर चेनबरोबर कॅसेटही गेलेली, तेवढे पैसे भावातून कमी करा. मग सायकल उचलून दोन्ही चाकं फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे नजर लावा. एक-दोन मिलिमीटर डुलणं म्हणजे साधा आऊट, काढता येतो. पण रिम एका जागी आत दबलेली असेल तर सोडा. रिम ब्रेक असतील तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. वाटीसारखा खोलगटपणा लागला तर रिम झिजून पातळ झालेली आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हँडलच्या नळीत टकटक झाली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, सैल आहेत किंवा खराब. पॅडलचे दांडे धरून बाजूला हलवा, बॉटम ब्रॅकेट कळेल. मागून, चाकाच्या रेषेत बसून, डिरेलर चकतीच्या सरळ खाली लटकतोय का बघा. आत वाकलेला असेल तर हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, वाकलाय. सरळ करता येतो, पण हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो आजही मिळतो का, हे आधी शोधून ठेवा.

आता ज्या दोन गोष्टींमुळे मी चांगल्या दिसणाऱ्या सायकली नाकारायला लावल्या आहेत त्या सांगतो. एक, समुद्राकाठची सायकल. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या सायकलीचा सीटपोस्ट फ्रेममध्ये जाम होतो. अॅलन कीने सैल करून तो वर-खाली होतोय का, हे स्वतः करून बघा. हलत नसेल तर सीट तुमच्या ६९ वर येणारच नाही. दोन, घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चाललेली सायकल. किलोमीटर शून्य, टायर नवे, रंग झकास, आणि तासन्तास टपकलेल्या घामाने स्टेमचे बोल्ट, हेडसेट आणि हँडलवरच्या पट्टीखालचं अॅल्युमिनियम खाल्लेलं. विकणाऱ्याला मोकळेपणाने विचारा आणि पट्टीचं एक टोक उलगडून बघू द्या म्हणा. पांढरी भुकटी दिसली तर परत फिरा. हँडल मोडलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

या बजेटात वापरलेली कार्बन फ्रेम अजिबात घेऊ नका. आतला तडा बाहेरून दिसत नाही. आणि मूळ बिल मागा, त्यावरचा फ्रेम नंबर बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेल्या नंबराशी जुळवा. चोरीच्या सायकली बाजारात फिरतात आणि कुणाची तरी तशीच जपून घेतलेली सायकल आपल्याकडे येता कामा नये.

डिस्क की रिम? तुम्ही पावसाळाभर रोज ऑफिसला सायकलने जाणार असाल तर डिस्क. रविवारची सायकल असेल तर दुहेरी पिव्होटचे चांगले रिम ब्रेक, त्यांना चांगली रबरं आणि मोकळ्या केबल्स. स्वस्त केबल डिस्कपेक्षा ते हाताला हलके लागतात आणि कुठल्याही गावात दुरुस्त होतात. रिम ब्रेक घेताना फक्त २८ मिलिमीटर रुंदीचा टायर बसतो का, हे बघा. आपल्या रस्त्यांना २८ च्या खाली जाऊ नका, ३२ बसत असेल तर आनंदाने लावा. आणि टायरच्या कडेवर लिहिलेला कमाल दाब भरू नका. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये मागे ८५ आणि पुढे ७५ पीएसआय पुष्कळ झाले.

वजनाचा मोह सोडा. ११ किलोची सायकल आणि १० ची, यातला फरक तुमच्या ९५ किलोंच्या एकूण वजनात एक टक्का. तासाभराच्या चढात अर्ध्या मिनिटाचा.

पैशांची वाटणी अशी करा: सायकल २५ हजारांपर्यंत. चेन, केबल्स, ब्रेकची रबरं, टायर आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग यासाठी ४ हजार बाजूला. उरलेल्या ६ हजारांत प्रमाणित हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, मीटर असलेला उभा पंप, दोन जादा ट्यूब, टायर लिव्हर, छोटा मल्टीटूल, कुलूप आणि पॅड असलेली चड्डी. पितळी व्हॉल्व अडॅप्टर विसरू नका. रोड बाईकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वला पेट्रोल पंपावरचं नोझल बसत नाही, आणि वीस-तीस रुपयांच्या त्या अडॅप्टरवाचून माणूस हवा समोर असताना अडकून पडतो. क्लीटचे (पॅडलला अडकणारे) बूट आणि सायकल कॉम्प्युटर पुढच्या वर्षी.

दुकानातली ती नवी सायकल टॉप ट्यूबच्या मापात बसली, पुढे ३४ मागे ३२ निघाले आणि हब कॅसेटचं निघालं, तर अवश्य घ्या. वॉरंटी मिळते, शोधाशोध वाचते. हेल्मेट आणि दिवे मात्र उरलेल्या ३ हजारांत आधी घ्या, बाकीचं सामान पुढच्या पगारावर. तीनपैकी एकही गोष्ट चुकत असेल तर दोन-तीन रविवार थांबून वापरलेली शोधा.

कुठलीही घेतलीत तरी दोनेकशे किलोमीटर झाले की एकदा वर्कशॉपला न्या. नव्या केबल्स तोपर्यंत ताणल्या जातात, गिअर अडखळायला लागतात, नव्या चाकाचे स्पोक बसून थोडे सैल होतात. तेव्हाच सारखे ताण दिले तर ते चाक वर्षानुवर्षं आऊट होत नाही, आणि राहून गेलं तर मागचे स्पोक एकेक करून तुटायला लागतात.